मका, सोयाबीन, ढेपेचे भाव पुढे काय राहतील? अंदाज वाचायचा कसा, हिशोब करायचा कसा

उमरखेड : सोयाबीन सोंगून, मळून झालं की दिवाळीच्या तोंडावर माल बाजारात जातो. यंदा तो जाताना किलोला चाळीसच्या आसपास गेला. पाऱ्हाटीचं तसंच. पहिल्या वेचणीचा कापूस घरात येतो न येतो तोच खेडा खरेदीवाला दारात उभा असतो. पुढं उन्हाळा लागला की तोच शेतकरी सरकी ढेपेचा कट्टा आणायला दुकानात जातो आणि भाव ऐकून कपाळावर हात मारून घेतो. आपलाच माल आपल्याकडं परत येतो, पण तोवर भाव दुसऱ्यानं ठरवलेला असतो.

उमरखेड तालुक्यात बहुतेक घरं एकाच वेळी पशुखाद्याच्या कच्च्या मालाची विक्रेतीही आहेत आणि गिऱ्हाईकही. त्यामुळं "मका तीन हजार जाणार", "सोयाबीन सहा हजार गाठणार" असे मोबाईलवर फिरणारे मेसेज इथं दोन्ही बाजूंनी घाव घालतात. कोणी माल धरून ठेवतो, कोणी घाईनं मका पेरतो. हे भाव कशानं हलतात, सरकारी आणि व्यापारी अंदाज कुठून येतात आणि ते आपल्या गावाला कसे लावायचे, त्याची ही माहिती.

खाद्यात जातं काय

कोंबडीच्या खाद्यात साधारण ६० टक्के मका असतो आणि २० ते २५ टक्के सोयाबीनची तेल काढलेली पेंड, म्हणजे डीओसी. मक्यानं ऊर्जा मिळते, डीओसीनं प्रथिनं. दोन किलोचा ब्रॉयलर पक्षी तयार होईपर्यंत सव्वातीन किलोच्या आसपास खाद्य खातो, म्हणजे त्यात दोन किलो मका आला. पाच हजार पक्ष्यांच्या एका बॅचला १०० क्विंटल मका लागतो. मका क्विंटलला ३०० रुपयांनी वाढला की बॅचमागं ३० हजारांचा फरक पडतो. अंडी देणारी कोंबडी दिवसाला ११० ग्रॅम खाते. करारावर कुक्कुटपालन करणाऱ्यांना खाद्य कंपनीच देते, त्यामुळं त्यांना हा फरक थेट जाणवत नाही. स्वतःची पिल्लं, स्वतःचं खाद्य असलेल्यांची मात्र सगळी कमाई याच फरकावर अवलंबून असते.

गाई-म्हशींचा हिशोब वेगळा. गाईला शरीरासाठी एक ते दीड किलो खुराक आणि वर दर लिटर दुधामागं ४०० ग्रॅम, म्हशीला ५०० ग्रॅम, असं प्रमाण धरतात. आठ लिटरच्या गाईला सव्वाचार-साडेचार किलो खुराक झाला. आपल्या भागात त्यात सरकी ढेप, तुरीची चुनी, गव्हाचा कोंडा आणि मक्याचा भरडा असतो. कुटार घरचं असतं. कडब्याची मात्र सोयाबीन आल्यापासून टंचाईच आहे, कारण ज्वारीचं क्षेत्रच उरलं नाही. हायब्रीड ज्वारी पावसात सापडून काळी पडली की खायच्या बाजारातून बाहेर जाते आणि पशुखाद्यात येते. तिचा भाव मग मक्याच्या भावाला बांधलेला असतो.

मक्याचा धडा ताजा आहे

मक्याचा भाव पूर्वी कोंबडीवर चालायचा. श्रावणात चिकन कमी खपतं, थंडीत अंडी जास्त जातात, बर्ड फ्लूची बातमी आली की खाद्याची मागणी घटते. २०२० मध्ये कोरोना चिकनमधून पसरतो अशी अफवा उठली, लोकांनी चिकन सोडलं आणि मक्याचा भाव हजार-बाराशेच्या घरात आला. त्या वेळी हमीभाव १,७६० होता. पीक चांगलं होतं, रोग नव्हता, गिऱ्हाईकच गायब झालं होतं.

नंतर इथेनॉल आलं. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर मर्यादा घातली आणि जानेवारी २०२४ पासून मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे भाव दिला. एका क्विंटल मक्यातून ३८ लिटरच्या आसपास इथेनॉल निघतं. म्हणजे क्विंटलमागं साधारण २,७३० रुपयांचं इथेनॉल आणि वर उरलेला चोथा. यातून प्रक्रियेचा खर्च वजा केला की कारखाना मक्याला जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते दिसतं. हे मक्याच्या भावाचं छत समजायचं. मका तीन हजार जाणार म्हणणाऱ्यांनी हा साधा गुणाकार केलेला नसतो.

२०२४ मध्ये मका हमीभावाच्या वर राहिला आणि "इथेनॉलमुळं आता मका पडणारच नाही" असं गावोगाव बोललं जाऊ लागलं. २०२५ च्या खरिपात देशात मक्याचा पेरा ८४ लाख हेक्टरवरून ९५ लाख हेक्टरच्या आसपास गेला. सोयाबीनचा पेरा घटला. त्याआधीच्या २०२४-२५ वर्षाचं उत्पादनही ४२० लाख टनांच्या वर गेलेलं होतं. दरम्यान जानेवारी २०२५ मध्ये केंद्रानं सरकारी गोदामातला तांदूळ इथेनॉलसाठी क्विंटलला २,२५० रुपयांत द्यायला सुरुवात केली. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्टही गाठलं गेलं, म्हणजे मागणी वाढायची ती वाढून झाली. २०२५-२६ च्या इथेनॉल वर्षासाठी तेल कंपन्यांनी मक्याच्या इथेनॉलला सुमारे ४७९ कोटी लिटरची मागणी दिली. त्याला सव्वाशे लाख टन मका लागतो. आकडा मोठा आहे, पण तो आदल्या वर्षाएवढाच आहे आणि पीक मात्र वाढलेलं आहे.

परिणाम सगळ्यांनी पाहिला. २०२५-२६ चा हमीभाव २,४०० आणि नोव्हेंबरात बाजारात सोळाशे-अठराशे. कर्नाटकात शेतकरी रस्त्यावर आले, तिथल्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं. आपल्या तालुक्यात मका थोडाच, पण ज्यांनी सोयाबीन सोडून लावला त्यांना हा फटका पूर्ण बसला.

आदल्या वर्षीच्या भावाकडं बघून पेरायचं आणि सगळ्यांनी एकदम पेरायचं, हे कांद्याच्या बाबतीत सगळ्यांना माहीत आहे. मक्याच्या बाबतीत लोक विसरले, कारण मागणी न संपणारी वाटली. कोणत्याही अंदाजात मागणी किती आहे हे सांगितलेलं असतं. ती अजून वाढतेय की थांबली, हे आपणच विचारायचं असतं.

चोथ्यानं सोयाबीन पाडलं

इथेनॉल काढल्यावर उरणाऱ्या सुक्या चोथ्याला व्यापारी डीडीजीएस म्हणतात. मक्याचा साधारण पाव भाग ते तीस टक्के चोथा निघतो. मक्याच्या चोथ्यात २६ ते ३० टक्के, तांदळाच्या चोथ्यात ४० टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात. डीओसीत ४५ टक्क्यांच्या वर असतात, पण चोथा स्वस्त पडतो. खाद्य कारखान्यांनी डीओसी कमी करून चोथा घालायला सुरुवात केली आणि सोयाबीनची मागणी घसरली.

सोयाबीनचा भाव पेंडीवर किती चालतो ते लक्षात घेतलं नाही तर बातम्या चुकीच्या वाचल्या जातात. एका क्विंटल सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल आणि ८० ते ८२ किलो डीओसी निघते. उदाहरणादाखल डीओसी ३२ रुपये किलो आणि कच्चं तेल ११५ रुपये किलो धरू. पेंडीचे २,५९२ आणि तेलाचे २,०७०, मिळून ४,६६२ रुपये. यातून कारखान्याचा खर्च, वाहतूक, हमाली, नफा गेला की बाजारात काय मिळणार ते कळतं. डीओसी किलोला १ रुपयानं वाढली तर सोयाबीनमध्ये ८० रुपयांची जागा होते. तेल १ रुपयानं वाढलं तर फक्त १८ रुपयांची.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं खाद्यतेलाचं आयात शुल्क २० टक्क्यांनी वाढवलं तेव्हा आता सोयाबीन उसळणार असं सगळे म्हणाले. तेल महाग झालं, घरातली फोडणी महाग झाली, सोयाबीन मात्र ४,८९२ च्या हमीभावाखालीच राहिलं. कारण पेंडीला उठाव नव्हता. पुढं मे २०२५ च्या शेवटी हे शुल्क निम्मं केलं गेलं. शुल्काची बातमी आली की मोठ्या मथळ्यात येते. डीओसीचा भाव मात्र कुठं छापून येत नाही, तो मुद्दाम विचारावा लागतो.

उलटा प्रसंग २०२१ चा. जुलै-ऑगस्टात सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं. कोंबडीवाल्यांची ओरड झाली आणि ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन जनुकीय सोयाबीनची पेंड आयात करायला पहिल्यांदाच परवानगी दिली. नवीन माल बाजारात आला तोवर भाव पाच हजारांवर आला होता. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनच्या वायद्यांवर बंदी आली आणि तिला पुढं मुदतवाढ मिळत गेली. तेव्हापासून सोयाबीनला पुढच्या महिन्यांचा उघड भाव सांगणारी जागा देशात उरलेली नाही. म्हणून सोयाबीनच्या अंदाजांत जास्त गोंधळ असतो. जो तो आपल्या सोयीचा आकडा सांगतो.

२०२५-२६ चं चित्र असं, की पेरा घटला, ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसानं विदर्भ-मराठवाड्यात शेंगा कुजल्या आणि सोया प्रक्रियादारांच्या 'सोपा' या संघटनेनं उत्पादन १०५ लाख टनांच्या आसपास धरलं. आदल्या वर्षी हाच आकडा १२५ लाखांच्या वर होता. पीक इतकं कमी असूनही दिवाळीत भाव ५,३२८ च्या हमीभावापासून हजाराच्या वर खाली होता. भिजलेला, डागी माल एकदम आला आणि स्वस्त चोथा गोदामात होता. आवक ओसरल्यावर अशा वर्षी भाव सुधारायला जागा असते. पण चोथा स्वस्त आहे तोवर २०२१ सारखी उडी धरून बसण्यात अर्थ नाही.

ढेपेचं गणित कापसात

कापसाच्या एका क्विंटलमधून ३४ किलोच्या आसपास रुई आणि ६४-६५ किलो सरकी निघते. सरकी किलोला १ रुपयानं चढली की कापसात ६५ रुपयांची जागा होते. सरकी गाळून तेल गेलं की ढेप. ढेपेचे वायदे एनसीडीईएक्सवर चालतात आणि त्यांचा आधारभूत बाजार अकोला आहे. म्हणजे हा भाव आपल्या विदर्भातलाच आहे आणि मोबाईलवर कोणालाही बघता येतो.

ढेप साधारणपणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्वस्त असते, कारण तेव्हा जिनिंग सुरू असतात. जूनपासून चढते, पोळ्यापर्यंत टिकते. यात एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. केंद्रानं १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं आणि ही सूट डिसेंबरअखेरपर्यंत चालली. बाहेरून येते ती रुई. तिच्यासोबत सरकी येत नाही. देशातला कापूस घटला आणि गिरण्या परदेशी रुईवर चालल्या, तर कापसाचा भाव दबलेला आणि ढेप मात्र महाग, असं दोन्ही एकदम होऊ शकतं. दूधवाला कापूस उत्पादक त्यात दोन्हीकडून मार खातो.

दोन गाईंना दिवसाला चार किलो ढेप धरली तर महिन्याला १२० किलो लागते. थंडीत तीन महिन्यांची घेऊन ठेवणं परवडतं. त्यापुढं पावसाळ्यासाठी साठवायची तर जागा कोरडी हवी. जमिनीवर थेट कट्टे टाकले, भिंतीला लावले, की बुरशी येते आणि तिचं विष दुधातही उतरतं. वाचवलेले पैसे डॉक्टरला जातात. ढेप कोंबड्यांना आणि लहान वासरांना घालू नये, सरकीतलं गॉसिपॉल त्यांना बाधतं.

सोयाबीन स्वस्त झालं म्हणून तेच दळून जनावरांना, कोंबड्यांना घालावं का, असं बरेच जण विचारतात. कच्चं सोयाबीन कोंबडीला पचत नाही, वाढ खुंटते. भाजून, मर्यादेत घालता येतं. युरिया टाकलेल्या खाद्यात कच्चं सोयाबीन कधीच मिसळू नये.

अंदाज मिळतो कुठं

पुण्यात राज्याच्या 'स्मार्ट' प्रकल्पाचा बाजारभाव माहिती विश्लेषण आणि जोखीम निवारण कक्ष आहे. तो सोयाबीन, कापूस, तूर, मका, हळद अशा पिकांचे पुढच्या काही महिन्यांचे अंदाज मराठीत काढतो. फुकट मिळतो आणि सरळ भाषेत असतो. त्यात तीन गोष्टी बघाव्यात. एक, अंदाज एका आकड्यात नसतो, 'इतके ते इतके' असा पट्टा असतो. मोबाईलवर फिरताना त्यातला वरचाच आकडा फिरतो. दोन, तो एका ठराविक बाजाराचा असतो. सोयाबीनला लातूर, कापसाला अकोला, हळदीला हिंगोली. तीन, तो चांगल्या, एफएक्यू दर्जाच्या मालाचा असतो.

लातूरचा अंदाज उमरखेडला लावायचा तर महिना-दीड महिना दोन्ही बाजारांचे त्याच दिवसाचे भाव वहीत लिहावेत. फरक १५० निघतो की ३०० ते कळतं. तो फरक अंदाजातून वजा करायचा. रोजचे भाव पणन मंडळाच्या आणि केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेटच्या संकेतस्थळावर असतात. तिथं कमाल भाव बघू नये, सर्वसाधारण भाव बघावा. कमाल भाव बियाण्याच्या एखाद्या ढिगाचा असतो.

जगाच्या मक्याचा-सोयाबीनचा अंदाज अमेरिकेचं कृषी खातं दर महिन्याच्या १० ते १२ तारखेच्या सुमारास काढतं. तिथला मक्याचा भाव बुशेलला सांगतात, एक बुशेल म्हणजे २५.४ किलो. साडेचार डॉलर बुशेल आणि डॉलर ८८ रुपये धरला तर क्विंटलला १,५६० रुपये होतात. आपल्याकडं मक्यावर ५० टक्के आयात शुल्क आहे, ठराविक पाच लाख टनांपर्यंत १५ टक्के, आणि जनुकीय मक्याला परवानगी नाही. म्हणून तो स्वस्त मका इथं येत नाही. या शुल्काच्या बातमीवर मात्र लक्ष ठेवावं. भाव खूप चढले की आधी हेच दार उघडलं जातं, २०२१ ला पेंडीचं उघडलं तसं.

देशातला माल कधी येतो तेही माहीत हवं. खरीप मका ऑक्टोबर ते डिसेंबर, आपल्याकडचा रब्बी मका मार्च-एप्रिलपासून आणि बिहारचा एप्रिल ते जून. बिहारमधला गुलाबबाग हा रब्बी मक्याचा मोठा बाजार, तिथली आवक सुरू झाली की दक्षिणेतल्या कोंबडीवाल्यांची घाई संपते. उन्हाळ्यात मका विकायचा बेत असेल तर स्पर्धा त्या मालाशी आहे.

थांबायचं की विकायचं

माल धरून ठेवणं म्हणजे त्यात दर महिन्याला पैसे घालणं. सोयाबीन आज ४,३०० ला जातंय असं धरू. घरचे पैसे अडकले म्हणून महिन्याला एक टक्का धरला तरी ४३ रुपये. पाच महिन्यांचे २१५. वाळून दोन किलो घटलं, ८६ गेले. पोती, हमाली, गोदाम मिळून ५० धरा. साडेतीनशे रुपये झाले. म्हणजे मार्चमध्ये ४,६५० मिळाले तर फायदा शून्य. अंदाजाचा पट्टा ४,४०० ते ४,९०० असेल तर निम्म्या पट्ट्यात तोटाच आहे. सावकाराचं तीन टक्क्यांनी घेतलेलं असेल तर हा विचारच करू नये.

पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना यासाठीच आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवलं तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी मिळते. आपली समिती यंदा ती राबवतेय का, गोदामात जागा आहे का, हे माल नेण्याआधी विचारून घ्यावं. सगळा माल एकदम न विकता तीन वाट्यांत विकणारे शेतकरी तालुक्यात आहेत. ते कधी सर्वात वरच्या भावाला जात नाहीत, पण सर्वात खालीही सापडत नाहीत.

ओलीचा हिशोब पाठ असावा. मका २० टक्के ओलीचा असताना १०० किलो असेल तर १४ टक्क्यांवर वाळल्यावर ९३ किलो भरतो. सोयाबीन १८ वरून १२ वर आलं तरी तेवढंच. म्हणजे ओल्या मालाला सात टक्के कमी भाव मिळाला तर ती लूट नव्हे. दहा-बारा टक्के कापले तर मात्र वाद घालावा. सरकारी खरेदीला सोयाबीनची ओल १२ टक्के आणि मक्याची १४ टक्के लागते.

इसापूरच्या कालव्याचं पाणी ज्यांना मिळतं त्यांच्यापुढं सध्या रब्बी-उन्हाळी मक्याचा प्रश्न आहे. धान्यासाठी लावायचा तर बिहारचा माल, भरलेली गोदामं आणि थांबलेली इथेनॉलची मागणी समोर आहे. घरी जनावरं असतील तर गोष्ट बदलते. हिरवा चारा, मुरघास आणि भरडा यासाठी अर्धा-एक एकर मका बाजारभावाशी बांधलेला राहत नाही. तेवढ्यानं कडब्याची आणि विकतच्या खुराकाची गरज कमी होते. लष्करी अळीसाठी पोंगे सुरुवातीच्या पंधरा दिवसांतच तपासावे लागतात. आणि अभयारण्याच्या कडेच्या बंदी भागात लावायचा असेल तर रानडुक्कर आणि रोह्यांसाठी रात्रीची राखण कोण करणार, हे बियाण्याची बॅग घेण्याआधी घरात ठरवून घ्यावं.